जुना आरसा, नवी दुर्बीण

प्रश्न : १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या निमित्ताने आकाशदर्शनाचा नाद लागला. पुढे एका शिबिरात बसून सहा इंची आरसा स्वतः घासला, पत्र्याच्या नळीत बसवला आणि गो. रा. परांजपे यांचा ‘आकाशदर्शन अ‍ॅटलास’ शेजारी ठेवून गच्चीवर रात्री जागवल्या. मग नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे. दुर्बीण माळ्यावर गेली ती गेलीच. आता निवृत्त झालो आहे. मुलगी म्हणते, “बाबा, मोबाइलवर चालणाऱ्या दुर्बिणी आल्या आहेत, एक घेऊन देते.” जुनी मोडीत काढावी का? नवीतून खरेच काही वेगळे दिसते का? आणि रस्तोरस्ती पांढरे दिवे लागल्यावर पाहण्यासारखे आकाश उरले आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मोडीत काढायचा विचार आधी मनातून काढा. काचेचा पृष्ठभाग प्रकाशलहरीच्या अंशापर्यंत नेमका करायला काय लागते हे तुम्ही हाताने अनुभवले आहे. ती काच इतक्या वर्षांत बदललेली नाही. वक्रता तीच आहे. बिघडला असेल तो फक्त वरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आणि तो मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तो पुन्हा चढवता येतो.

आरसा बैठकीतून सोडवा आणि अंधाऱ्या खोलीत पाठीमागून विजेरी धरा. सुईच्या टोकाएवढे चार-दोन ठिपके चमकले तर काळजी नको. जागोजाग उजेड झिरपत असेल, पृष्ठभाग दुधी झाला असेल किंवा बुरशीची जाळी दिसत असेल, तर मुलामा संपला असे समजा. नुसती धूळ असेल तर कोरड्या फडक्याने मुळीच पुसू नका, धुळीतले कण ओरखडे पाडतात. नळाच्या हलक्या धारेखाली आरसा धरा, मग कोमट पाण्यात द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकून त्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. स्वच्छ कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने सरकेल इतकाच फिरवा, बोटाने दाब देऊ नका. शेवटी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने धुऊन आरसा उभा करून वाळवा.

नवा मुलामा मात्र निर्वात कक्षातच चढतो, तो घरचा उद्योग नाही. त्यासाठी हौशी मंडळींच्या संस्थांत चौकशी करा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, देशातील हौशी खगोल अभ्यासकांची सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या त्याच लाटेतले, म्हणजे तुमच्याच पिढीचे. पुण्याच्या ‘आयुका’ने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, त्यांतून तयार झालेले लोकही ठिकठिकाणी आहेत. मुलामा कोठे नीट करून मिळतो हे आरसे घासलेल्या माणसांनाच विचारावे.

आता नळीच्या खालचा सांगाडा. त्या काळी पाइप जोडून केलेली विषुववृत्तीय बैठक अनेकांनी वापरली. ती जड होती, डुलायची, आणि नेत्रिका भलत्याच कोनात जायची. तुमची तशी असेल तर ती खुशाल सोडून द्या आणि सुताराकडून प्लायवूडची डॉब्सन पद्धतीची पेटी करून घ्या. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त मठात वीसहून अधिक वर्षे संन्यासी होते. पैसा नव्हता, म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, आणि दुर्बीण वर-खाली व आडवी फिरेल अशी लाकडी पेटी केली. मठ सोडल्यावर १९६८ मध्ये रस्त्याकडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारा गट त्यांनी उभा केला. आज हौशी लोकांच्या मोठ्या आरशांच्या दुर्बिणी बहुतेक याच पेटीवर फिरतात. टेफ्लॉनचे तुकडे आणि गुळगुळीत सनमायका एवढ्यावर ती एका बोटाने सरकते.

जुन्या दुर्बिणीत नवे काही घालायचेच असेल तर नेत्रिका घाला. तेव्हा हाताला येईल ती नेत्रिका लावत असू, कोणी सूक्ष्मदर्शकाचीही. आता सव्वा इंची बुंध्याच्या प्लॉसल नेत्रिका सहज मिळतात. तुमच्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटरच्या आसपास असेल, कारण सहा इंचीला तेच माप लोकप्रिय होते. मग २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट दाखवेल आणि १० मिलिमीटरची १२० पट. या दोन पुरतात. जुन्या परदेशी भिंगाच्या दुर्बिणींचा बुंधा एक इंचाहूनही थोडा लहान असे. तुमच्या नळीला तसे तोंड असेल तर ते बदलून घ्या, नाही तर चांगली नेत्रिका बसणारच नाही.

मुलगी म्हणते ती दुर्बीण ही वेगळीच वस्तू आहे. फ्रान्समधल्या युनिस्टेलर आणि व्हाओनिस या कंपन्यांनी आधी अशी यंत्रे काढली, पण ती फार महाग होती. २०२३ मध्ये झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० आली आणि चांगल्या मोबाइल फोनला पडते तेवढ्या रकमेत हे यंत्र मध्यमवर्गीय घरात येऊ लागले. तिला डोळा लावायला जागाच नाही. पुढे ५० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, मागे कॅमेऱ्याचा संवेदक, आत मोटारी आणि छोटा संगणक. गच्चीत ठेवून चालू केली की ती आकाशाचा फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी साठवलेल्या तारासूचीशी ताडून पाहते आणि आपण कोठे रोखलेलो आहोत हे ओळखते. तुम्ही फोनवर देवयानी दीर्घिका निवडायची, ती तिकडे वळते. ध्रुव साधा, खुणा लावा, नकाशा उलटा धरा, हे सारे काम गेले.

त्यानंतर ती जे करते तो खरा फरक. आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जे हाती लागले ते मेंदूकडे धाडून पाटी कोरी करतो. हे यंत्र दहा-दहा सेकंदांचे फोटो काढत राहते आणि एकावर एक रचते. शंभर फोटो रचले की खऱ्या प्रकाशाच्या तुलनेत गोंगाट दहा पटींनी कमी होतो. म्हणून ५० मिलिमीटरचे भिंग पंधरा-वीस मिनिटांत जे दाखवते ते तुमच्या १५० मिलिमीटरच्या आरशातून डोळ्याला कधीच दिसणार नाही. मृगातल्या तेजोमेघाचा लाल रंग हे त्याचे उत्तम उदाहरण. तो प्रकाश हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातल्या दंडपेशी त्या लहरीला जवळजवळ आंधळ्या असतात आणि त्यांना रंगही कळत नाही. म्हणून दुर्बिणीत तेजोमेघ राखाडी दिसतो.

पण हे यंत्र सर्वच बाबतींत वरचढ नाही, आणि जाहिरातीत ही बाजू कोणी सांगत नाही. सीस्टार एस५० चे नाभीय अंतर २५० मिलिमीटर आहे. तिच्या संवेदकाच्या एका ठिपक्यात आकाशाचे सुमारे २.४ विकला मावतात. गुरूचे बिंब जवळ असताना साधारण ४५ विकलांचे, म्हणजे चित्रात तो जेमतेम १९ ठिपके रुंद उमटणार. शनी कड्यांसकट तितकाच, किंवा थोडा लहान. त्यात कॅसिनीची फट शोधू नका. तुमचा जुना सहा इंची आरसा मात्र हवा स्थिर असेल तेव्हा एका विकलेहून कमी अंतरावरचे जोडतारे सुटे करतो. १२० पटीने त्यातून गुरूचे पट्टे दिसतात, उपग्रहाची सावली बिंबावरून सरकताना दिसते. शनीच्या कड्यांची कडा मार्च २०२५ मध्ये आपल्या रोखाने आली होती. तेव्हापासून ती उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. तुमचा आरसा नवा मुलामा घेऊन तयार व्हायला याहून चांगली वर्षे नाहीत.

चंद्र, ग्रह आणि जोडतारे जुन्या दुर्बिणीचे. तेजोमेघ, दीर्घिका आणि अंधूक धूमकेतू नव्या यंत्राचे. मुलीला हो म्हणा, पण एक हिवाळा थांबायला सांगा. त्या हिवाळ्यात जुनी दुरुस्त करून पुन्हा हात बसवा. आपल्याला पाहायचे काय आहे हे कळल्याशिवाय घेतलेली दुर्बीण, जुनी असो की नवी, चार महिन्यांत पुन्हा माळ्यावर जाते. दरम्यान ही यंत्रे दरवर्षी सुधारतही आहेत, थांबण्यात तुमचे नुकसान काही नाही.

मध्यंतरी बदललेली आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती म्हणजे तुमचे डोळे. कॉलेजच्या वयात अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीला ती पाचच्या आसपास थांबते. ७×५० च्या द्विनेत्रीतून सात मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत बाहेर पडतो. त्यातला बराचसा आता तुमच्या बुबुळावर पडून वाया जाईल. १०×५० घ्या, तिचा झोत नेमका पाच मिलिमीटरचा. चष्म्याचा नंबर साधा असेल तर चष्मा काढून दुर्बीण जुळवून घ्या. आडवा नंबर, म्हणजे सिलिंडर, असेल तर कमी पटीला चष्मा ठेवावा लागतो. मग डोळा १५ ते २० मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसेल अशी नेत्रिका निवडा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका. पिवळट झालेले भिंग निळा प्रकाश अडवते. ते गेल्यावर अभिजित, राजन्य यांसारखे निळसर-पांढरे तारे पुन्हा तरुणपणी दिसत तसे दिसतात असे सांगणारे निरीक्षक मला भेटले आहेत, आणि त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता.

राहिले तुमच्या गावचे आकाश. ते उजळले आहे, हे खरे. जुने पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड टाकत. गाळणी लावून तो बराचसा कापता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, त्यातला निळा हवेत अधिक विखुरतो, आणि एक गाळणी लावून तो कापता येत नाही. तेजोमेघांच्या बाबतीत सीस्टारसारखी यंत्रे यातून वाट काढतात, कारण त्यांच्यातली दुहेरी गाळणी फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक लहरी आत घेते. दीर्घिकांचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, तोही पसरलेला. तिथे गाळणीचा उपयोग नाही.

उजेडाचा त्रास चंद्राला आणि ग्रहांना होत नाही. तिथे त्रास होतो तो गच्चीच्या स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडतो आणि शनी पाण्यात हलल्यासारखा थरथरतो. अंगण असेल तर मातीवर दुर्बीण मांडा आणि पाऊण तास आधी आरसा उघड्यावर निवू द्या.

महिन्यातून एकदा अमावास्येच्या सुमारास गावापासून तीस-चाळीस किलोमीटर बाहेर पडा. त्या रात्रींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतल्या ‘पाहण्याजोग्या’ वस्तूंच्या याद्या चाळीस-पन्नास उत्तर अक्षांशासाठी केलेल्या असतात. सांगली सतराव्या अंशाजवळ. नरतुरंगातला ओमेगा हा बंदिस्त तारकागुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. तुमच्याकडे एप्रिल-मेच्या रात्री तो दक्षिण क्षितिजावर पंचवीस अंशांपर्यंत चढतो. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचे अंदाजे एक कोटी तारे, आणि अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यालाही अंधूक ठिपक्यासारखा दिसतो. तुमच्या सहा इंचीत त्याच्या कडा ताऱ्याताऱ्याने सुट्या होतील. त्याच्या खाली त्रिशंकूही दिसेल. नव्या यंत्राने त्या गुच्छाचा फोटो काढाच, पण आधी नेत्रिकेतून पाहा.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेला देणगीतून स्मार्ट दुर्बीण मिळाली. मुले टॅबवर रंगीत तेजोमेघ पाहून खूश होतात. मला मात्र सारखे वाटते, याला आकाशदर्शन म्हणायचे का? इंटरनेटवर याहून सुंदर चित्रे आहेतच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती टाळू नये. नेत्रिकेतून पाहताना देवयानी दीर्घिकेतून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश थेट आपल्या डोळ्याच्या पडद्यावर पडतो. या अनुभवाची जागा टॅब घेऊ शकत नाही. म्हणून शाळेने एक साधी सहा इंची डॉब्सनही मिळवावी आणि प्रत्येक मुलाने शनी एकदा तरी स्वतःच्या डोळ्याने पाहावा.

तरीही टॅबवरचे चित्र इंटरनेटवरच्या चित्रासारखे नाही. ते आज रात्रीचे आहे, तुमच्या मैदानावरून टिपलेले आहे, आणि त्यात मोजता येईल असा प्रकाश आहे. त्याचे मोल मोजण्यात आहे. तिथपर्यंत मुलांना नेले तर हे यंत्र खऱ्या विज्ञानाचे साधन होते. नुसती चित्रे काढत राहिलात तर तिसऱ्या महिन्यात मुलांचा रस संपेल.

राधागोविंद चंद्र यांचे नाव मुलांना जरूर सांगा. बंगालमधल्या यशोरच्या सरकारी खजिन्यातले हे कर्मचारी. औपचारिक शिक्षण थोडे. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहून ते या छंदात ओढले गेले, त्यांनी तीन इंची दुर्बीण घेतली आणि रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची, नोंद ठेवायला सुरुवात केली. १९११ मध्ये अमेरिकेत अशा निरीक्षकांची संघटना स्थापन झाली होती. तिला ते निरीक्षणे पाठवत राहिले. त्यांचे काम पाहून त्या संघटनेने त्यांना सुमारे सहा इंची दुर्बीण धाडली. त्यांनी आयुष्यभरात ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंपर्यंत पोहोचली. ती संघटना आजही जगभरच्या हौशी लोकांची निरीक्षणे घेते, आणि स्मार्ट दुर्बिणींनी केलेली मोजमापेही तिच्याकडे जातात.

मोठ्या वेधशाळा एकाच ताऱ्याकडे रात्रीमागून रात्र पाहत बसू शकत नाहीत, आणि घटना घडते तेव्हा त्यांच्याकडे अंधार असेलच असे नाही. गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग १९ जुलै २००९ रोजी सर्वांत आधी पाहिला तो ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाने. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचे ‘डार्ट’ यान मुद्दाम डायमॉर्फॉस या लघुग्रहावर आदळवले गेले, तेव्हा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरून हौशी लोकांनी छोट्या स्मार्ट दुर्बिणींनी तो उजळताना टिपला. ती निरीक्षणे पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आली.

वर्गासाठी सुरुवात यंत्राशिवाय करा. ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. त्याची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि सुमारे दहा तासांत हा सारा प्रकार पुरा होतो. नुसत्या डोळ्याने हे दिसते, शहरातूनही. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाने तेजाचा अंदाज वहीत लिहायचा आणि आलेख काढायचा. एकाच रात्री वीस मुलांचे वीस आलेख येतील, ते एकत्र केले की खळगा स्पष्ट उमटेल. मग तोच तारा यंत्राने मोजा. डोळ्याने केलेली नोंद आणि संवेदकाने केलेली नोंद शेजारी ठेवली की पडदा खरा की डोळा खरा, याचे उत्तर मुलेच देतील.

मोठ्या मुलांना उत्तर मुकुट तारकासमूहातला टी हा तारा दाखवा. एरवी तो दहाव्या प्रतीचा, दुर्बिणीशिवाय न दिसणारा. १८६६ मध्ये आणि नंतर १९४६ मध्ये तो अचानक दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत, नुसत्या डोळ्याला ठळक दिसण्याइतका उजळला होता. जगभरचे निरीक्षक गेली काही वर्षे त्याच्या पुढच्या उद्रेकावर नजर ठेवून आहेत. तुमच्या यंत्राने त्याचा रोज एक फोटो, एवढाच नेम ठेवा. शाळा त्या साखळीत सामील झाली तर मुलांना आकाशदर्शन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो. पूर्वेकडची बाल्कनी, आकाशाचा एक तुकडा. काही उपयोग आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आहे. पूर्वेला उगवते आकाश मिळते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ग्रह आणि प्रत्येक पौर्णिमा तुमच्या वाट्याला येते. स्मार्ट दुर्बीण अशा जागी उपयोगी पडते, कारण ध्रुवतारा दिसला नाही तरी तिचे काम चालते. फक्त बाल्कनीच्या काचेतून पाहू नका, काच सरकवा. चंद्र तर सोडूच नका. अष्टमीच्या आगेमागे उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि तासाभरात बदललेल्या दिसतात. पौर्णिमेला मात्र तो सपाट दिसतो. काळोखाची भूक लागेल तेव्हा शहराबाहेरच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना जा. वांगणीला तुमच्यासारखे मुंबईकर वर्षानुवर्षे जात आले आहेत.

प्रश्न : नातवासाठी ऑनलाइन दुर्बीण पाहत होते. ६७५ पट मोठे दाखवते असे लिहिले आहे. घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. दुर्बीण कितीही चांगली असली तरी व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट हीच मर्यादा. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटीपुढे फक्त मोठा धूसर गोळा दिसतो. पट सांगणाऱ्या जाहिरातीपेक्षा व्यास सांगणारा दुकानदार शोधा. नातू दहा-बारा वर्षांचा असेल तर १०×५० ची द्विनेत्री आणि एक फिरता आकाशनकाशा द्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चार उपग्रह त्यात दिसतात. द्विनेत्री टेकवायला खुर्चीची पाठ द्या म्हणजे हात हलणार नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात खरोखर काळेकुट्ट आकाश कोठे मिळेल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या शेजारीच. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातले ते पहिलेच. बाहेरचा उजेड आवरण्यासाठी तिथल्या गावांतले पथदिवे आणि घरांबाहेरचे दिवे खाली तोंड केलेले बसवले गेले. हे मला या मान्यतेपेक्षाही महत्त्वाचे वाटते. दिवा जमिनीकडे वळवला की रस्ता अधिक नीट दिसतो आणि आकाशही परत मिळते. आपल्या नगरपालिकांनी ते मनावर घेतले तर त्यासाठी वाघ लागत नाही.

प्रश्न : कोकणात राहतो. दर पावसाळ्यानंतर भिंगावर पांढरी जाळी येते. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती बुरशी आहे, आणि ती भिंगावरच्या थरात आम्ल सोडून कायमचा डाग पाडते. दमट हवेत चामड्याची पेटी आणि कापडी पिशवी या दोन्ही वाईट. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग उतरला की मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरा. पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी ऊन पडेल त्या दिवशी तासभर भिंगे उजेडात ठेवा, उन्हात नव्हे. रात्री निरीक्षण झाल्यावर दव पडलेली दुर्बीण लगेच बंद करू नका. घरात उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या, मगच झाकण लावा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या ६० मिलिमीटर दुर्बिणीसोबत एक काळी काच मिळाली. नेत्रिकेत फिरवून बसवायची, वर ‘सन’ असे लिहिले आहे. २०२७ च्या ग्रहणाला ती चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ती काच आजच फोडून टाका, कोणाला देऊही नका. नेत्रिकेजवळ बसणाऱ्या काचेवर भिंगाने एकवटलेली सूर्याची सारी उष्णता पडते. ती तडकते, आणि तडकली की डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. सूर्यासाठी गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्याआधी, लावायची. ती सौर निरीक्षणासाठीच केलेल्या फिल्मची हवी. वाऱ्याने निघणार नाही अशी घट्ट बसवायची, आणि दर वेळी लावण्यापूर्वी उजेडात धरून भोके तपासायची. शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवायला विसरू नका, एकट्या तिच्यानेही डोळा जातो.

२ ऑगस्ट २०२७ चे खग्रास ग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून दिसेल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल, म्हणून अनेक जण तिकडे निघाले आहेत. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसते, पण ऑगस्टचे ढग आडवे येण्याची शक्यता मोठी. पुण्यात थांबणार असाल तर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडा. ढग क्षणभर फाटला तरी तेवढ्यात दिसते आणि त्याला फिल्म लागत नाही. भारताच्या जमिनीवरून पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी, काश्मीर-लडाखच्या भागातून.